बायजाबाईचा बाप्तिस्मा

“कोणाची काही हरकत?” पाळकांनी विचारलं. विचारायची रीत म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ते प्रार्थनेला उभे राहू लागले.

मागच्या बाकावरून अभिमनने हात वर केला.

उपासना संपली होती, पण सभासदांना थांबवून घेतलं होतं. धुळ्याच्या त्या लहानशा बॅप्टिस्ट मंडळीत कोणी बाप्तिस्मा मागितला की सगळ्यांना विचारत, आणि एकाचीही हरकत असली तर गोष्ट तिथेच थांबे. आज मागणारी होती मंडळीचा कारभार पाहणाऱ्या डीकन तोतारामची आई, बायजाबाई. ऐंशीच्या पुढची. डावं अंग लकव्याने गेलेलं. थंड पाण्याजवळ नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तोतारामने विनंती केली होती की नदीवर न नेता घरीच, खाटेवर, डोक्यावर तांब्याने पाणी घालून तिला मंडळीत घ्यावं.

“बोला, अभिमन,” पाळक म्हणाले. ते नवीन होते, गेल्या पावसाळ्यात नगरकडून आलेले. बाकीच्यांना काय होणार ते कळलं होतं. बायका आपापल्या पदराशी चाळा करू लागल्या.

अभिमन उभा राहिला. जिनात कापसाच्या गाठी उचलून उचलून त्याचे खांदे पुढे आले होते.

“माले इतलंच इचारनं शे,” तो म्हणाला. “डोकावर पाणी टाकं तर बाप्तिस्मा व्हस का? तोताराम नानानी सांगावं.”

तोताराम टेबलाजवळ उभा होता. टपाल कचेरीत जन्म गेलेला माणूस, तो चर्चमध्ये नेहमी शुद्ध बोले. त्याने टेबलावरचं पांढरं कापड सारखं केलं.

“नाही होत,” तो शेवटी म्हणाला. “पूर्ण बुडलं पाहिजे.”

“आनी माणूस आजारी व्हई तर?”

“तर... बरं होईपर्यंत थांबावं.”

“मंग थांबा,” अभिमन म्हणाला आणि खाली बसला.

तीन वर्षांपूर्वी हेच शब्द तोतारामने भागाबाईच्या खाटेशी उभं राहून म्हटले होते.

भागाबाई ही अभिमनची बायको. अभिमनने लग्नानंतर लवकरच बाप्तिस्मा घेतला होता. ती मात्र थांबली होती, कारण तिने धर्म सोडला तर नरडाण्याजवळच्या माहेरचं, आईच्या घराचं दार तिला बंद होणार होतं. म्हातारी आई असेपर्यंत नको, असं नवराबायकोत ठरलं होतं. तरी ती एकही रविवार चुकवत नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. त्यासाठी लागणारी बिनमिठाची रोटी आदल्या दिवशी तीच भाजायची. सकाळी ती रोटी टेबलावर जाई, तिचे तुकडे होत, आणि ताट बाकाबाकांवरून फिरे. ते दाराजवळ बसलेल्या भागाबाईपाशी आलं की तोताराम ते उचलून पुढे नेई. बाप्तिस्मा नाही, तर तुकडा नाही. तिने कधी तक्रार केली नाही. “रोटी जरा कडक व्हयनी का वं आज?” एवढंच ती घरी जाताना विचारी.

आई वारली तोवर भागाबाईच्या छातीत पाणी झालं होतं. उठून बसली तरी धाप लागायची. तेव्हा तिने बाप्तिस्मा मागितला. अभिमन तोतारामच्या पाया पडला होता. खरोखर पाया पडला होता, भर रस्त्यात, पाचकंदील चौकात. नदीवर नेता येत नाही, घरीच पाणी घाला म्हणून. तोताराम आला, खाटेशी उभा राहिला आणि म्हणाला, “शिंपडणं आपल्यात नाही, भागाबाई. बऱ्या व्हा, मग घेऊ.”

ती बरी झाली नाही.

सभा उठल्यावर अंगणात उखर्डूने अभिमनला गाठलं. दोघं एकाच जिनात कामाला होते.

“त्या म्हातारीनी तुनं काय बिघाडं रे?”

“काहीच नही.”

“मंग?”

“मंग भागानी कोनं बिघाडं व्हतं?”

 उखर्डूने चंची काढली आणि तंबाखू पुढे केली. अभिमनने घेतली नाही. त्या दिवशी तो पोटभर जेवला. भागाबाई गेल्यापासून असं जेवण गेलं नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी नातवांनी बायजाबाईला खाटेसकट उचलून आणलं आणि खाट दाराशी ठेवली. भागाबाईच्याच जागेवर. ताट फिरत फिरत तिथे आलं. म्हातारीने चांगला हात पुढे केला. तोतारामने ताट आपल्या छातीशी ओढलं आणि पुढे गेला. म्हातारीचा हात तसाच उघडा राहिला, मग तिने तो हळूच गोधडीत घेतला.

अभिमनने मान वळवून ते सगळं नीट पाहिलं. डोळे मिटून प्रार्थना करायची वेळ होती, पण त्याने मिटले नाहीत. आपला तुकडा त्याने सावकाश चावून खाल्ला.

त्याच आठवड्यात तोताराम त्याच्या दारात आला. दिवेलागणीची वेळ होती. अभिमन चुलीपुढे भाकरी थापत होता. त्याने बस म्हटलं नाही.

“मायनी धाडं,” तोताराम म्हणाला. चर्चबाहेर, आईचा निरोप घेऊन आलेला, तो घरच्या बोलीत बोलत होता. “ती नदीवर जावानं म्हनस.”

“थंडीमा?”

“थंडीमाच. तिले कोनीतरी सांगं, भागाले नही मिळनं म्हनीसन तुले नही. ती म्हने, बराबर शे. जे भागाले नही ते माले कसाले? माले नदीवर लई चाला.”

अभिमनने भाकरी तव्यावर टाकली.

“मंग मनाकडे कसाले उना?”

तोतारामने घसा साफ केला. “तिले धराले दोन मानसे लागतीन. एक मी. दुसरा तू, असं तिनी सांगं.”

“मीच कसाले?”

“ती म्हनस, बाकीना लोके दया करतीन, अर्धंच बुडाडतीन. मंग तुम्ही परत म्हनशात, व्हयनंच नही. अभिमन माले पुरं बुडाडी.”

हे सांगताना तोतारामचं तोंड असं झालं होतं की दुसरं कोणी असतं तर त्याला पाणी तरी विचारलं असतं. अभिमनने भाकरी उलटली.

“मी येस नदीवर,” तो म्हणाला.

तोताराम गेल्यावर अभिमनच्या मनात आलं, माघातलं पाणी. म्हातारी काही टिकायची नाही. तिच्या मुलाच्याच हातून ती पाण्यात जाईल, आणि मग खाटेशी उभं राहणं काय असतं ते त्याला कळेल. हा विचार त्याने हाकलून लावला नाही. रविवारपर्यंत तो त्याच्या सोबत राहिला, गाठी उचलताना, जेवताना, अंथरुणावर.

रविवारी मंडळी पांझरेवर जमली. नदी आटत चालली होती. नदीवरच्या फरशी-पुलाच्या वरच्या अंगाला एक डोह होता, तिथे छातीएवढं पाणी होतं. पलीकडे धोबी कपडे आपटायचे थांबून बघत उभे राहिले. बैलगाडीतून बायजाबाईला उतरवलं. तिला धरून पाण्यात चालवणं शक्यच नव्हतं, म्हणून तोतारामने घरून हात असलेली वेताची खुर्ची आणली होती. म्हातारीला तिच्यात बसवलं, पांढऱ्या लुगड्याने कमरेशी बांधलं. एका बाजूने तोतारामने धरलं, दुसऱ्या बाजूने अभिमनने.

“नीट धर रे भो,” म्हातारी अभिमनला म्हणाली. लकव्याने तोंडाची एक बाजू ओढलेली, शब्द बोबडे येत होते. “आते डरू नको. मी डरत नही.”

त्यांनी खुर्ची उचलली.

अभिमन दचकला. रोज गाठी उचलणारा माणूस तो, त्याने जोर लावला होता, आणि हातांत काहीच आलं नाही. वेत आणि हाडं. शेवटच्या दिवसांत भागाबाईला खाटेवरून उचलून अंगणातल्या उन्हात ठेवायचा, तेव्हा एवढंच असे. अगदी एवढंच.

पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. थंडी हाडांत शिरली. पाळक पुढे वाट पाहत उभे होते. त्यांनी म्हातारीच्या डोक्यामागे हात ठेवला. “पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो,” ते म्हणाले, आणि दोघांनी खुर्ची मागे कलती केली.

म्हातारीचं तोंड पाण्याखाली गेलं. पांढरे केस वर तरंगले, मग तेही बुडाले. अभिमनने समोर पाहिलं. तोतारामचे डोळे गच्च मिटलेले होते. आणखी थोडा वेळ खुर्ची अशीच धरून ठेवणं अभिमनच्या हातात होतं. त्याचे हात ताठ झाले.

मग त्याने खुर्ची उचलली. तोतारामच्या आधी त्याने उचलली.

म्हातारी खोकली, नाकातोंडातून पाणी आलं. तिने डोळे उघडले आणि इकडे तिकडे पाहिलं.

“सरनं?” तिने विचारलं. “इतलंच?”

“इतलंच, माय,” तोताराम म्हणाला.

काठावर बायकांनी गाणं धरलं. म्हातारीला घोंगडीत गुंडाळलं, शेकोटीजवळ नेलं, लुगडं बदललं. ती गुळाचा चहा मागत होती. कोणीतरी हसलं.

अभिमन पाण्यातच उभा होता, रिकामी खुर्ची हातात धरून. इतलंच. एक खुर्ची आणि दोन माणसं. तेव्हाही डोह इथेच होता, उखर्डूही होता, खुर्च्या तर जिनाच्या कचेरीत ओळीने पडलेल्या असतात. मंडळीतल्या एकालाही सुचलं नव्हतं. त्याला स्वतःलाही सुचलं नव्हतं. तो नुसता पाया पडला होता.

तो बाहेर आला तेव्हा गाडी निघायच्या बेतात होती. तोताराम ओल्या धोतराने त्याच्याकडे आला. त्याने हात जोडायला सुरुवात केली, पण अभिमनच्या तोंडाकडे पाहून ते जुळले नाहीत.

“खुर्ची दे,” तो म्हणाला. “गाडीमा ठेवस.”

“ही खुर्ची तीन वरीस पहिले तुना घरमा व्हती का?”

तोतारामने नदीकडे पाहिलं.

“व्हती,” तो म्हणाला.

अभिमनने खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली, गाठ घेतात तशी, आणि फरशीवरून तो घराकडे चालू लागला. वेतातून पाणी गळत होतं, त्याच्या मानेवरून पाठीत उतरत होतं. तोतारामने मागून हाक मारली नाही. पुढेही ती खुर्ची मागायला त्याच्याकडून कोणी आलं नाही.

घरी येऊन त्याने ती चुलीजवळ ठेवली, शेकाला. जाळ केला, पीठ घेतलं आणि मीठ न घालता एक रोटी भाजली. ती मोडून एक तुकडा त्याने खुर्चीच्या ओल्या वेतावर ठेवला, आणि स्वतः खाली जमिनीवर बसून उरलेली खाऊ लागला.