गालावरचं मलम

नणंदबाईंचं माहेरी येणं म्हणजे पाहुण्यासारखं. आल्या, मिरवल्या, गेल्या. खस्ता खायला सून होतीच.

त्या दुपारी जेवणाची सुट्टी झाली तशी सून कारखान्यातून धावत घरी आली, सासूबाईंची जखम धुवायला. अंथरुणाला खिळून, पडून पडून कमरेखाली झालेली जखम आता कुठे भरत आली होती. एक पट्टी चुकली तर सगळी मेहनत पाण्यात, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

कोमट पाणी घेऊन ती खोलीत शिरली आणि बघते तर काय! खुर्चीवर मोबाईल टेकवलेला आणि नणंदबाई आईच्या गालांना जखमेचं मलम चोळताहेत. पापण्यांना लावलं, ओठांना लावलं, उरलंसुरलं स्वतःच्या टाचांना फासलं. वर मोबाईलकडे बघून मधाळ आवाजात, "महागडी क्रीमं कशाला हवीत? मी आईला रोज हेच स्वस्तातलं मलम लावते. म्हणून या वयातही चेहरा असा तुकतुकीत!"

रोज! सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तिनं ट्यूब उचलली. टिपूसही उरला नव्हता.

"वन्सं, हे जखमेचं होतं."

"केवढ्याची ती वस्तू! दुसरी आण. आणि जरा सरक, सावली पडतेय."

"दुकान आता बंद, आणि मला कामावर परत जायचंय. टाचा मऊ झाल्यात ना? मग संध्याकाळी तुम्हीच चालत जाऊन आणा."

"मी? मला निघायला हवं बाई."

"मग हे तरी बघून जा." सुनेनं सासूबाईंना कुशीवर वळवलं आणि पट्टी सोडली. "रोज लावता ना?"

नणंदबाईंनी नाकाला रुमाल लावला. "शी!" तोंडातून निसटलंच. मोबाईल उचलून त्या बाहेर पडल्या, आईकडे वळूनही न बघता.

सासूबाईंनी बोटानं गालावरचं मलम निपटलं आणि बोट सुनेपुढे धरलं.

"पुरतंय का बघ. तिला बोलू नकोस गं. किती दिवसांनी तिचा हात लागला मला."

सुनेनं फडकं भिजवलं आणि ते बोट पुसलं. इतक्या जोरात पुसलं, की म्हातारी कळवळली.