चार वाजताचा चहा

शिक्रापुरात बीपीची मशिनं बनवणाऱ्या त्या कंपनीत मीटिंग-रूम होती, तिथं एसीही होता. पण निर्णय मात्र चार वाजता, हायवेवरच्या हौसरावाच्या टपरीवर व्हायचे. साहेब, सुदर्शन आणि बाकीची पुरुषमंडळी तिथं चहाला जमायची. इंजिनिअर राजनंदिनीला सगळं दुसऱ्या दिवशी कळायचं.

"बसलो होतो चहाला, ओघात ठरून गेलं," असं साहेब म्हणायचे आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मशिनच्या पट्ट्याचं मापही असंच ठरलं, जिमला जाणाऱ्या सुदर्शनच्या दंडावरून! राजनंदिनी मशिन घेऊन मांडवगणला चाचणीला गेली, तर तिथल्या सत्तरीच्या कस्तुराबाईंच्या काडीसारख्या दंडावरून पट्टा घसरून थेट मनगटावर आला. "पोरी, ही बांगडी हाय व्हय?" म्हातारीनं विचारलं.

त्याच दिवशी चार वाजता राजनंदिनी ऑफिसातल्या बाकीच्या पाचही जणींना घेऊन टपरीवर गेली. बाकडं भरलं. पुरुषमंडळी कप धरून उन्हात उभी राहिली. शेवटी साहेबच म्हणाले, "उद्यापासून मीटिंग ऑफिसातच घेऊ. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी साहेब चारला मीटिंग-रूममध्ये जाऊन बसले. सव्वाचार झाले तरी एकही बाई फिरकेना, तेव्हा त्यांनी फोन लावला. "अहो मॅडम, आहात कुठं सगळ्या?"

पलीकडून आधी हौसरावाचा आवाज आला, "सहा कटिंग!"

"आलोच सर," राजनंदिनी म्हणाली. "पट्टे तीन मापांचे करायचेत. बसलो होतो चहाला, ओघात ठरून गेलं."