कौलाच्या पुढचं पान

मी एक जुनं बायबल आहे, मित्रांनो. माझी पाठ शिवणीतून सुटली आहे, कडांचा लाल रंग पार उडाला आहे आणि पानांना अजून चुलीच्या धुराचा वास येतो. तरी मला बिचारं म्हणू नका. माझ्यासारखं सुख फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला येतं.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यात झाला. तिथून मी लाकडी पेटीत बसून आगगाडीने वाशीमला आणि बैलगाडीने रिसोडच्या बाजारात आलो. एका प्रचारकाने मिरच्यांच्या ढिगाशेजारी चादर अंथरून मला मांडलं होतं. रिठदच्या गोजराबाईच्या नवऱ्याने मला तिथून घरी नेलं. गावात येशूला मानणारी घरं दोन-तीनच होती, त्यातलं हे एक.

त्या घराने मला फार मान दिला. लाल फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलं. शेजारच्या लेकराला ताप आला, तर मला उशाखाली ठेवायला नेत. त्या मायेचे उपकार मी कसे विसरू? पण पुस्तकाचं पोट मानाने भरत नाही हो! मला वाचणारं माणूस हवं होतं.

आमच्या भागात अडचण आली की देवाला कौल लावायची रीत आहे. येशूच्या घरात येताना ही रीत कोणी उंबऱ्याबाहेर ठेवली नव्हती. डोळे मिटून मला उघडायचं, वरून ज्वारीचा दाणा टाकायचा आणि दाणा थांबेल ती ओळ हा देवाचा हुकूम. ओळ वाचायचा मान गोजराबाईचा दीर इंद्रभान याचा. एकदा त्याचा बैल हरवला, तेव्हा दाणा 'डोंगरावर चढून ये' अशा अर्थाच्या ओळीवर थांबला. इंद्रभान टेकडीवर गेला, तर बैल तिथेच चरत होता! मग काय विचारता, माझा भाव आभाळाला भिडला. एकदा मात्र दाणा नुसत्या नावांच्या रांगेत पडला. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा. त्या दिवशी हुकूम काय झाला, ते कोणालाच कळेना.

गोजराबाईचा नवरा गेला आणि मागे एकुलता एक मुलगा राहिला, जगदेव. तो रिसोडला चार इयत्ता शिकला होता. लग्न झाल्यावर त्याने आपल्या बायकोला, कस्तुराला, चुलीपुढच्या राखेत अक्षरं गिरवायला शिकवलं. दोघं हसत, पुसत, पुन्हा लिहीत. मी कोनाड्यातून बघत असे. सन चोपन्नच्या पावसाळ्यात जगदेव तापाने गेला. मला त्याच्याही उशाखाली ठेवलं होतं. ते आठवलं की अजून गलबलून येतं.

घरात दोन विधवा उरल्या. कस्तुराच्या भावाने, नानाजीने, शिरपूरहून निरोप धाडला, की पोळा झाल्यावर गाडी घेऊन येतो, बहिणीला घेऊन जातो, तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून देतो. गोजराबाईला काही सुचेना. सून म्हणजे तिचा जीव, पण तरण्या पोरीला अडकवून कशी ठेवायची? तिने इंद्रभानला बोलावलं. कौल लागला. दाणा थांबला तिथे एक सासू आपल्या सुनांना सांगत होती, की आपापल्या आईच्या घरी परत जा.

"हुकूम झाला, वहिनी," इंद्रभान म्हणाला. "आता आपन काय बोलाव?"

गोजराबाईने पदर तोंडाला लावला. कस्तुराला कोणी काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे शेतात गेल्यावर कस्तुराने मला खाली काढलं. ही सासू कोण? ती असं का बोलली? ते बघायला तिने मागची पानं उलटली आणि गोष्ट जिथे सुरू होते तिथून बोट ठेवून वाचायला लागली. एकेक अक्षर जोडून शब्द, शब्द जोडून ओळ. जे कळेना, तिथे तुरीचं पान खुणेला ठेवून पुढे जायची आणि मग माघारी यायची. दुष्काळाने परमुलखात गेलेलं ते घर, नवरा गेला, दोन्ही मुलं गेली, उरल्या सासू आणि सुना. तिथे ती थांबली आणि खूप रडली. मग डोळे पुसून पुढे गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी खरोखर वाचत होतं, मित्रांनो!

पोळा झाला आणि नानाजीची गाडी दारात उभी राहिली. गाठोडं बांधून तयार होतं. कस्तुरा मला मांडीवर घेऊन ओसरीत बसली.

"कौल झाला ना? आता कायले वाचून राह्यली?" इंद्रभान म्हणाला.

"तुमी एकच ओळ वाचली, मामाजी. पुढचं आयका."

तिने अडखळत वाचून दाखवलं. सासू जा म्हणाली, पण एक सून गेली नाही. तुमची माणसं तीच माझी माणसं, म्हणून बिलगून राहिली.

"म्हंजे थे गेली नाई?" गोजराबाईने विचारलं.

"नाई गेली, आत्याबाई."

"मंग हाच हुकूम!" इंद्रभान ओरडला. "कस्तुरे, तूबी राय!"

"हुकूम नाई, मामाजी, गोष्ट हाये. एक सून गेली, तिले कोनी नावं नाई ठेवली. सासूनं जा म्हनलं थे मायेनं म्हनलं. आपल्यापाशी रायून पोरीच्या जल्माचं काय होईन, हा तिले घोर होता."

"माह्याबी मनात तोच घोर हाये वं!" गोजराबाईला हुंदका आला. मग ती म्हणाली, "तुले जावं वाटते का, पोरी?"

"नाई, आत्याबाई. मले तुमच्यापाशी रायाचं हाये."

नानाजीने बैल सोडले, बहिणीच्या हातची भाकर खाल्ली आणि रिकामीच गाडी हाकत आपल्या गावाला गेला.

त्यानंतर माझं फडकं कायमचं सुटलं. इंद्रभानही कुरकुरत पाठचं-पुढचं वाचू लागला. ती डोंगराची ओळ भलत्याच माणसाला, भलत्याच कामासाठी सांगितली होती, हे त्याला कळलं.

"मंग माहा बैल कसा सापडला?"

"तुमी शोधला म्हनून, मामाजी!" कस्तुरा हसून म्हणाली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला जपा, पण मला वाचाही. कोण बोलतंय, कोणाशी, कशासाठी, हे बघा. अडलं तर खूण ठेवा आणि पुन्हा या. दुसऱ्याने सांगितलेला अर्थ ऐका जरूर, पण ते पान स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

त्या गोष्टीच्या शेवटी गावातल्या बाया सासूला म्हणतात, की ही सून तुला सात लेकांहून अधिक आहे. कस्तुराने ते वाचलं, तेव्हा गोजराबाईने त्या ओळीवर बोट फिरवून पाहिलं. मग हिवाळाभर ती सुनेपाशी अक्षरं शिकली. एके दुपारी कस्तुरा अंगणात तूर पाखडत होती, आणि गोजराबाई मला घेऊन एकटीच ते पान वाचायला बसली. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिने हाक मारली.

"कस्तुरे, हे खरंच लिवलं हाये वं! मले वाटलं होतं, तू मले बरं वाटाव म्हनून मनचं सांगतलं."