काजळाची ओळ

मित्रांनो, मी एक जुना क्ष-किरण सूक्ष्मदर्शक आहे. नाव ऐकून दचकू नका. हात मोडला की दवाखान्यात ज्या किरणांनी फोटो काढतात, त्याच किरणांनी मी बारीक वस्तूंच्या पोटात डोकावतो. वस्तू कापायची नाही, फोडायची नाही. नुसती माझ्या फिरत्या चकतीवर ठेवायची. ती सावकाश गोल फिरते, मी तिच्या सावल्या टिपतो आणि शेजारचा संगणक त्या सावल्या जोडून वस्तूचा एकेक पापुद्रा वेगळा करून दाखवतो. दिसायला मी म्हणजे शिसे भरलेले एक ठोकळेबाज कपाट. माझ्या रूपाचे कौतुक कुणी केल्याचे मला आठवत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. कारागिरांनी माझा डोळा, म्हणजे सावल्या टिपणारा पडदा, एका लांब रुळावर बसवला. तो पुढे-मागे सरकवता येतो. "एवढा लांब रूळ कशाला? उगाच जागा अडते," असे त्यांच्यातला एक जण कुरकुरला होता. त्या बिचाऱ्याला पुढची गोष्ट ठाऊक नव्हती.

प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझा थाट विचारू नका. सिमेंटच्या तुकड्यातली केसाहून बारीक भेग मी दाखवली, फुगलेल्या बॅटरीचे दुखणे ओळखले. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यापुढे उभे करीत. मला चालवणारी ताई तेव्हा मला 'राजा' म्हणायची.

मग शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले. गोरेगोमटे, चपळ, गुणगुणणारे. सगळे तिकडे धावले. मी 'राजा'चा 'म्हातारबा' झालो. माझ्या सपाट पाठीवर लोक चहाचे कप ठेवू लागले, आणि कप उचलायला मात्र कुणी फिरकत नसे. मला वाईट वाटायचे. भंगारवाला येऊन माझी मापेही घेऊन गेला.

अशात एके सकाळी ताईचे मामा आले. मामा तत्त्वज्ञानाचे निवृत्त शिक्षक, अरबीही जाणणारे. त्यांच्याबरोबर ग्रंथपाल बाई होत्या आणि बाईंच्या हातात लाकडी पेटी. पेटीत तळहाताएवढे अरबी हस्तलिखित होते. फार पूर्वी ते भिजले होते आणि पाने चिकटून त्याची वीट झाली होती.

"नव्या यंत्राला सहा महिने उसंत नाही," ताई म्हणाली. "आपला म्हातारबा रिकामाच आहे."

हा 'रिकामाच' मला जरा झोंबला. पण ग्रंथपाल बाईंचे बोलणे ऐकले आणि मी राग गिळला. त्या म्हणाल्या, "यात काही दिसलं तर ठीक. नाही तर वाफ देऊन, पातळ सुरीनं पानं सोडवायची, असं ठरलंय."

"सुटतील की," मामा म्हणाले, "पण भुगा होऊन सुटतील."

मामांचा जीव त्यात का अडकला होता, तेही सांगतो. एका ग्रीक विचारवंताचा ग्रंथ फार पूर्वी अरबीत गेला. तिकडच्या विद्वानांनी तो नुसता वाचून सोडला नाही. त्यांच्यातल्या एकाने याच हस्तलिखितात त्याचे एकेक वाक्य उतरवून घेतले आणि प्रत्येकाखाली आपल्याला काय वाटले ते लिहिले. त्या ग्रीक ग्रंथात एक वाक्य आहे: 'वस्तू ज्याची झाली ते एक, आणि वस्तू जे आहे ते दुसरे, पण दोन्ही वेगळी काढून दाखवता येत नाहीत.' मामा वर्षानुवर्षे त्या वाक्याशी झटत होते. बाकीचे पंडित म्हणत, यात काय कठीण आहे? त्या जुन्या वाचकाने त्याखाली काय लिहिले, एवढेच मामांना हवे होते.

मी कंबर कसली. चकती फिरली, पापुद्रे सुटले आणि संगणकावर झळझळीत अक्षरे उमटली. मी मनात म्हटले, घ्या, म्हातारबा म्हणता काय.

मामांनी चष्मा सारखा केला, वाचले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, हे तर त्या ग्रीकाचंच वाक्य. हे मला तोंडपाठ आहे. खाली जागा आहे, पण ती कोरी आहे."

"म्हणजे त्यानं काहीच लिहिलं नाही?" बाईंनी हळूच पेटी जवळ ओढली. त्यांनाही ती सुरी नकोच होती.

मामा खुर्चीत बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "असं कसं होईल? तो त्या ग्रीक गुरूचं वाक्य लाल शाईनं लिहायचा आणि स्वतःचं काळ्या. शिस्तच होती त्याची."

ताईने मान वर केली. "मामा, लाल कशाची?"

"हिंगुळाची. पारा असतो त्यात."

"आणि काळी?"

"दिव्याच्या काजळीची, डिंकात खललेली."

ताई हसू लागली. "मग बरोबर आहे. पारा जड, म्हणून त्याची सावली पडते. काजळी कागदासारखीच हलकी. आपल्या म्हातारबाचे किरण तिच्यातून आरपार गेले. पान कोरं नाहीये, मामा. कार्बनचे धागे बघताना आमची अशीच फजिती झाली होती."

तिने माझ्या रुळाला तेल घातले आणि माझा डोळा मागे नेला, अगदी रुळाच्या टोकापर्यंत. हलक्या वस्तूच्या कडेशी किरण किंचित वळतात, आणि ते वळणे लांबूनच कळते. माझे सांधे कुरकुरले, पण मी हू की चू केले नाही.

लाल ओळीखाली धुरकट रेघा उमटल्या. मामा संगणकाच्या पडद्याला नाक लावून एकेक अक्षर जुळवू लागले. मग त्यांनी वाचून दाखवले:

"'हे वाक्य मला कळले नाही. ते चूक आहे असे मी लिहिणार नाही. पुन्हा वाचीन.'"

मामांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि मग पोट धरून हसले. "इतकी वर्षं मला वाटत होतं, न कळणारा मी एकटाच."

"खाली अजून एक ओळ आहे," ताई म्हणाली. "जास्त पुसट."

मामांनी ती वाचली. "'पुन्हा वाचले. थोडे कळले.'"

ग्रंथपाल बाईंनी पेटीचे झाकण लावले. "सुरी राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुढची पानं कधी बघायची?"

मित्रांनो, भंगारवाल्याला निरोप गेला आहे, येऊ नकोस म्हणून. मी जन्मभर वस्तू कशाची झाली तेवढेच पाहत आलो. मला पारा दिसला, काजळी दिसली. त्यात एक माणूस बसला आहे हे वाचणाऱ्याला दिसले. म्हणून माझे एवढे ऐका. एखादे पान कोरे वाटले, एखादे म्हातारे यंत्र निरुपयोगी वाटले, तर तसे म्हणण्याआधी जरा मागे सरकून पाहा. आणि आमच्या रुळांना वेळच्या वेळी तेल घाला, पाठीवर कप ठेवू नका.

माझ्या पाठीवरचे कप ताईने त्याच दिवशी उचलले. एक मात्र मी आनंदाने सांभाळतो. तो मामांचा आहे.