माझ्या समासातली शाई

मित्रांनो, मी शाळेच्या वाचनालयातली एक जुनी कादंबरी आहे. पाठीला दोनदा डिंक लागला आहे आणि कोपरे मऊ पडले आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. लाज वाटते ती माझ्या शेवटच्या पानाच्या समासाची.

छापखान्यातून आले तेव्हा माझे समास कोरे होते. माझ्यात एका शहराची गोष्ट आहे. तिथे रोज संध्याकाळी भोंगा वाजतो, आणि तो वाजला की खिडक्या लावून गप्प बसायचं, असा हुकूम आहे. भोंगा वाजवणारी बाई एके दिवशी तो वाजवतच नाही. लोक रात्रभर खिडक्यांतून बोलत राहतात. बाई शहराबाहेर निसटते. शेवटी मात्र ती आपण होऊन परत येते. का, ते लेखकाने लिहिलेलं नाही.

ते एका हुशार विद्यार्थ्याने लिहिलं. निळ्या शाईत, दोनदा गिरवून: ‘भित्री! इथे ती हरली.’

माझ्यावरच्या निबंधात त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि माझा भाव वधारला. “शाईवाली प्रत द्या ना,” म्हणत मुलं ग्रंथपालबाईंच्या मागे लागायची. कपाटातल्या कोऱ्या प्रती धूळ खायच्या आणि मी घरोघर फिरायचे. मुलं समास उतरवून घ्यायची, पान वाचायची नाहीत. तरी मी फुशारले होते.

मग मी त्याच शाळेतल्या बारकीच्या घरी गेले. तिची ताई पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. खराब नमुन्यावर ‘शुद्ध’ असा शेरा मारायला तिने नकार दिला आणि नोकरी सोडली. बारकीने ही गोष्ट वर्गभर मिरवली होती. आता ताई त्याच प्रयोगशाळेत परत निघाली होती, आणि बारकीने तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

जेवताना बारकीने मुद्दाम मोठ्याने निबंध वाचला. “‘नायिका परत येते, कारण ती मुळातच भित्री असते.’ कसं वाटतं, आई?”

“आधी जेव. ताटावर बसून टोमणे नकोत.”

“मी पुस्तकातल्या बाईबद्दल बोलतेय!”

“कळतंय हं मला, कुठल्या बाईबद्दल ते,” ताई म्हणाली. तिने हात पुसून मला जवळ ओढलं. निळी शाई वाचताना तिचा चेहरा उतरला. मला मिटून घेता आलं असतं, तर मी घेतलं असतं.

“हे पान वाचलंस?”

“वाचलं की.”

“मग सांग, ती परत आली तेव्हा तिच्या खुर्चीवर कोण होतं?”

बारकी पानात डोकावायला वाकली. ताईने वाचून दाखवलं. खुर्चीवर नवी बाई होती, हात भोंग्याच्या कळीवर ठेवून. परत आलेली बाई तिला म्हणाली, “ऊठ, ही माझी जागा आहे.” गोष्ट तिथेच संपते.

“म्हणजे ती शूर होती?”

“मला नाही माहीत. पोटासाठी आली असेल. नाहीतर नवी बाई रोज भोंगा वाजवेल, म्हणून आली असेल. घाबरूनही आली असेल. काहीही लिही, पण पानावरचा पुरावा दे.”

बारकी ताटात रेघोट्या ओढत राहिली. मग हळूच म्हणाली, “आणि तू का चाललीस?”

इतक्या दिवसांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

“माझ्या जागेवर जो बसलाय, तो बाटली न उघडताच ‘शुद्ध’ लिहितो,” ताई म्हणाली. “आणि भीती वाटतेच गं मला. तीही लिही हवं तर.”

बारकीने निबंध फाडला. मग खोडरबर घेऊन माझ्या समासावर घासू लागली. शाई गेली नाही, कागद तेवढा झिजला.

मित्रांनो, आमच्या समासात लिहायचंच असेल तर पेन्सिलीने लिहा, आणि पान वाचून झाल्यावर लिहा. आम्हाला कुणाच्या हाती जायचं, हे निवडता येत नाही. तुम्ही लिहिलेला शब्द पुढे कुणाच्या घरी, कुणासमोर उघडला जाईल, ते तुम्हालाही ठाऊक नसतं.