सालियेम आजींचा तिसरा फोटो

विर्यादीने काढलेला पासपोर्टचा फोटो परत आला, असं वोनोरेजो गावच्या बाजारात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. लग्नाच्या फोटोंबद्दल लोक काहीबाही बोलायचे. नवरी रडवेली दिसते, सासरा अर्धाच आलाय, वगैरे. पण पासपोर्टचा फोटो म्हटला की तीन-तीन गावं ओलांडून माणसं त्याच्याकडे यायची. बावीस वर्षांत एकही परत आला नव्हता. त्यामुळे त्या दिवशी सकाळी हाजी मसरुरींनी एक पाकीट टेबलावर ठेवलं आणि "हा नाही चालला रे" म्हणाले, तेव्हा विर्यादीचं तोंड एवढंसं झालं.

गावातल्या लोकांना दरवर्षी हजला घेऊन जायचं काम हाजी मसरुरींचं. कागद गोळा करायचे, सुराबाया शहरातल्या पासपोर्ट कचेरीत नेऊन द्यायचे, सगळं तेच करत.

"सालियेम आजींचा पहिला फोटो तिकडे तालुक्याला काढला होता, तो परत आला, तेव्हा मी काही बोललो नाही," हाजी म्हणाले. "पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी ओढणी घेऊन बसल्या होत्या. नुसतं तोंड हवेत तरंगत होतं. पण हा दुसरा तुझा आहे, विर्यादी. कचेरीतले म्हणतात, बाई खाली बघतेय आणि वर हसतेय. हिला ओळखायचं कशावरून?"

"आज पुन्हा काढतो."

"आजच काढायला हवा. तीनच्या बसने मी शेवटचे कागद घेऊन निघतोय. तोवर मिळाला तर ठीक, नाहीतर सालियेम आजींचं यंदा राहिलं."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी त्यांना त्र्याहत्तर लागेल. गुडघे बघितलेस त्यांचे?"

विर्यादीने बघितले होते. सगळ्या गावाने बघितले होते, कारण त्या गुडघ्यांवर बसूनच सालियेम आजींनी निम्मं गाव जन्माला घातलं होतं. सरकारी दवाखाना व्हायच्या आधी चाळीस वर्षं आसपासच्या पाच गावांत त्याच एक सुईण होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी शेताचा तुकडा विकला आणि हजला जायचं ठरवलं. आता त्यांचं जाणं एका बोटभर फोटोवर अडलं होतं, आणि तो फोटो आपल्या हातून बिघडला होता, हे विर्यादीला खाऊ लागलं.

खरं तर पासपोर्टच्या फोटोचं त्याचं शास्त्र अगदी पक्कं होतं. तो कुणालाही आल्याआल्या बसवत नसे. आधी विचारायचा, जेवलात का? उपाशी माणूस फोटोत रागीट येतो, हे त्याचं ठाम मत. मग पाच मिनिटं पंख्याखाली, घाम जाईपर्यंत. बुटक्या माणसाच्या पायाखाली वीट, कारण पाय लोंबकळले की पाठ वाकते आणि पाठ वाकली की हनुवटी खाली येते. पुरुषांसाठी खुंटीवर एक काळा कोट होता, मागून उभा चिरलेला, म्हणजे किडकिडीत मास्तरापासून जाडजूड मटणवाल्यापर्यंत सगळ्यांना तो पुढून बसायचा. जीभ दातांच्या मागे टेकवा, श्वास सोडा, आणि मग बघा, असं तो सांगे. माणूस बघायचा, कळ दाबली जायची, आणि फोटोत तो स्वतःसारखा दिसायचा. पासपोर्टच्या फोटोत स्वतःसारखं दिसणं किती अवघड आहे, हे ज्याचा त्यालाच माहीत.

साडेअकराला आजी आल्या. त्यांनी आपल्या परीने तयारी केली होती. ओठ काळपट दिसू नयेत म्हणून तीन दिवस विडा सोडला होता. केस भाताच्या पेंढ्याच्या राखेने धुतले होते, ओढणीखाली ते दिसणार नव्हते तरी. दारातूनच त्या कमरेत वाकल्या, हसल्या, आणि "तुला माझ्यापायी केवढा त्रास रे विर्या," म्हणत आत आल्या.

विर्यादीची बायको लास्मी त्यांना पंख्याखाली घेऊन बसली. तिने त्यांना भात आणि सोयाबीनचं तळलेलं टेंपे खायला घातलं, कपाळावरचा घाम टिपला, आपली गडद हिरवी ओढणी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली, भुवया मोकळ्या राहतील अशी मागे ओढून टाचली. विर्यादीने पायाखाली एकीऐवजी दोन विटा दिल्या. आजी ताठ बसल्या. समोरच्या आरशात तोंड सरळ, ओठ मिटलेले, सगळं कसं जिथल्या तिथे.

मग तो कॅमेऱ्यामागे गेला, आणि आजींची हनुवटी खाली आली, ओठ फाकले.

"आजी, हसू नका."

"मी कुठं हसतेय? तोंडच तसं आहे माझं."

"आत्ता आरशात तसं नव्हतं."

"आरशात मीच होते ना रे. माझ्यापुढे मी कशाला हसू?"

पुन्हा एकदा झालं, मग पुन्हा एकदा. चौथ्या खेपेला लास्मीने डोकं लढवलं. "आजी, तुमच्या मालकांची आठवण काढा. हसू आपोआप जाईल."

आजी खळखळून हसल्या. "त्याची? अगं, त्याची आठवण आली की मला तर हसू आवरतच नाही! एकदा म्हशीवरून पडला आणि म्हशीलाच म्हणतो, माफ कर हं."

लास्मीही हसत सुटली. विर्यादीने घड्याळाकडे बघितलं. एक वाजून गेला होता. फोटो धुवायला, छापायला, वाळवायला सव्वा तास तरी हवा. आजींचं बोलण्यात लक्ष असताना गुपचूप एखादा फोटो मारता आला असता. पण चोरून काढलेला फोटो चोरून काढल्यासारखाच दिसतो, हेही तो बावीस वर्षांत शिकला होता. तो कॅमेरा सोडून पुढे आला आणि आजींसमोर जमिनीवर बसला.

"आजी, खरं सांगा. कॅमेऱ्यापुढे काय होतं तुम्हाला?"

आजी ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "हा फोटो कोण बघणार रे?"

"कचेरीतले साहेब. मग तिकडे, उतरल्यावर, तिथले साहेब."

"बघ ना! मी त्यांच्या मुलखात चाललेय. पाहुणी म्हणून. तेही कुठल्या मुलखात! आणि दारातच अशी मान ताठ करून, डोळे रोखून, तोंड आवळून उभी राहू? भांडायला आल्यासारखी? माझी आई असती तर थोबाडीत दिली असती."

विर्यादीला ते पटत होतं. कारण तो स्वतःही तसल्याच आईबापांच्या हाताखाली वाढलेला. मोठ्यांपुढून जाताना आपणही वाकतो, अनोळखी माणसाने नुसतं बघितलं तरी आधी हसतो. त्याच्याकडच्या प्रत्येक गिऱ्हाइकाची मान थोडी खाली येतच असे. तो 'हनुवटी वर' म्हणाला की ती वर जायची, एवढंच. आजींची जात नव्हती, कारण आजींना ते मनापासून वाटत होतं.

"कॅमेऱ्याला कसला मान द्यायचा, आजी?" तो उगाच म्हणाला.

"कॅमेऱ्याला नाही रे. बघणाऱ्याला."

तो आजींच्या जवळ सरकला. मग म्हणाला, "त्या बघणाऱ्याचं काम काय असतं, सांगू? त्याच्यापुढे दिवसाला पाचशे माणसं येतात. फोटो हातात धरायचा, माणसाकडे बघायचं. तोच हा की दुसरा कुणी? बस्स. तुम्ही तोंड लपवलंत की त्याला कळत नाही. त्याचं काम अडतं. मागे उन्हात रांग थांबते."

"अडतं?"

"अडतं की. आज नाही का अडलं?"

आजींच्या कपाळाला आठी पडली. चाळा थांबला. "म्हणजे तो बिचारा काम करतोय, आणि मी लाजत बसलेय."

"तसं नाही, आजी..."

"तसंच आहे. गप्प बस." त्या आता विर्यादीशी बोलत नव्हत्या, स्वतःलाच झापत होत्या. "माझ्याकडे असल्या किती यायच्या! पहिलटकरणी. कळा येतायत आणि तोंडावर कापड. अंग चोरतायत. मी म्हणायचे, बाई, तुझी लाज दाराबाहेर ठेव, मला माझं काम करू दे. तुझी आई तर उशी घेऊन बसली होती तोंडावर."

"माझी आई?"

"मग काय. तू पायाळू. दुपारपासून अडलेला. दाराबाहेर तुझा बाप रडतोय. मी ती उशी ओढली आणि म्हटलं, सुमिनी, इकडे बघ. माझ्याकडे बघ. आणि मी पण बघितलं तिच्याकडे. हसले नाही. हसायची वेळ नव्हती ती. आणि मी मान खाली घातली असती ना, तर तिला वाटलं असतं, आता संपलं."

विर्यादीची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिने हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. सगळ्या आया करतात तशी 'फार त्रास दिलास' अशी तक्रार करायची, तेवढीच.

"ऊठ," आजी म्हणाल्या. "तिकडे जा. काढ फोटो."

त्यांनी दोन्ही पाय विटांवर घट्ट रोवले. हात मांडीवर ठेवले. श्वास सोडला. आणि बघितलं.

विर्यादीने हजारो चेहरे भिंगातून बघितले होते, पण बघता बघता कळ दाबायची राहून जाते, असं त्याचं कधी झालं नव्हतं. समोरची बाई बुटकी नव्हती, गरीब नव्हती, म्हातारीसुद्धा नव्हती. ती कशालाच भीत नव्हती. आणि आपल्याकडे जो बघेल त्यानेही भिऊ नये, अशी काळजी घेत होती.

"दाबतोयस का?" ओठ न हलवता आजी म्हणाल्या.

त्याने कळ दाबली.

अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, रसायनातल्या कागदावर आधी भुवया आल्या, मग डोळे. विर्यादी वाकून बघत राहिला. सेहेचाळीस वर्षं त्याने या बाईला गल्लीत बाजूला सरून इतरांना वाट करून देताना बघितलं होतं. चांगली म्हातारी, एवढंच त्याच्या मनात असायचं. ज्या बाईने पाच गावांत मरणाला तोंड देत काम केलं तिला आपण नुसती चांगली म्हातारी समजलो, याची त्याला लाज वाटली. आणि अभिमानही वाटला, आपलीच कुणी मोठी निघाल्यासारखा. डोळे भरून आले. ते त्याने पुसले नाहीत, अंधारात पुसायची घाईही नव्हती.

लास्मीने फोटो पंख्यापुढे धरून वाळवला. अडीचला हाजी मसरुरी घामाघूम होऊन आले. त्यांनी फोटो हातभर लांब धरला आणि बघता बघता त्यांची स्वतःचीच मान जरा खाली आली. घसा खाकरून ते म्हणाले, "हा परत येणार नाही." मग फोटो कागदांत ठेवून ते बसथांब्याकडे जवळजवळ पळतच गेले. तीनच्या बसचा भोंगा वाजला, तेव्हा लास्मीने सुटकेचा निःश्वास टाकला.

विर्यादीने एक प्रत जास्त छापली होती. ती त्याने आजींच्या हातात दिली. आजींनी ती डोळ्यांपासून दूर धरली, मग जवळ आणली.

"किती उद्धट बाई आहे ही," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "हे तोंड समोर असताना त्या बायकांनी धीर सोडला नाही. कमाल आहे त्यांची."

"आजी, ही प्रत मी ठेवून घेऊ? दुकानात लावायला नाही. माझ्यासाठी."

"तुला कशाला रे? जगात आल्यावर पहिलं हेच तर बघितलंस तू."

"ते मला कुठं आठवतंय?"

आजींनी त्याच्याकडे बघितलं, तसंच, सरळ. मग फोटो त्याच्या हातात ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.