हॅडलीला परत न गेलेला भोंगा

मित्रांनो, कॉलेजच्या खेळसामानाच्या या कोठीत शिरलात तर आधी तुम्हाला हेल्मेटांची रांग दिसेल, मग कपडे धुण्याची यंत्रे, मग जुन्या बुटांचे खोके. त्यांच्या मागे, वरच्या फळीवर हातभर लांबीचा एक पितळी भोंगा आडवा पडला आहे. तो मी. वय शंभरीच्या पुढचे. अंगावर सत्त्याण्णव ओरखडे आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब मला तोंडपाठ आहे.

नदीच्या एका काठाला कार्व्हर, दुसऱ्या काठाला हॅडली. पूर्वी मध्ये पूल नव्हता, होडी होती. धुके पडले की नावाडी मला फुंकायचा आणि दोन्हीकडची माणसे बोचकी उचलून धक्क्यावर यायची. पुढे पूल झाला आणि होडी जळणात गेली. नावाड्याचा एक मुलगा कार्व्हरच्या कॉलेजात, दुसरा हॅडलीच्या. दोघेही फुटबॉलच्या संघात, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या अमेरिकी फुटबॉलच्या, आणि बापाचा भोंगा दोघांनाही हवा. बाप म्हणाला, "मैदानात ठरवा. मला जेवू द्या."

तेव्हापासून रीत पडली. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सामना व्हायचा. हरलेल्यांनी मला घासून लख्ख करायचे. त्यांच्या कॅप्टनने खिळ्याने माझ्या अंगावर गुण कोरायचे. मग दोन्ही गावांनी पुलाच्या मधोमध जमायचे आणि जिंकलेल्याने मला तीनदा फुंकायचे. हरलेल्यांनी टोप्या काढून ते ऐकायचे. नंतर वर्षभर माझा मुक्काम जिंकलेल्यांकडे. कार्व्हर एक्कावन्न, हॅडली त्रेचाळीस, बरोबरीचे तीन.

हॅडलीच्या कोठीचा राखणदार आर्नी हॉगन. मी त्याच्याकडे असलो की तो मला रोज पुसायचा. बायकोच्या वाढदिवसाची तारीख मात्र त्याला दुसऱ्याने सांगावी लागे. एकदा कार्व्हरच्या पोरांनी मला मळक्या टॉवेलांच्या टोपलीतून पळवले. मी परत येईपर्यंत आर्नीला अन्न गोड लागले नाही. मग त्याने स्वतः एक नियम लिहिला आणि दोन्ही कॉलेजांच्या सह्या घेतल्या. सामना खेळल्याशिवाय भोंगा पूल ओलांडणार नाही, आणि जिंकल्याशिवाय कोणी तो फुंकणार नाही. काय खूश होता तेव्हा! मित्रांनो, कुलूप लावताना आपण आत आहोत की बाहेर, हे माणसे बघत नाहीत.

मग टीव्ही आला. खोटे कशाला बोलू, मला तो फार आवडला. कॅमेरावाला म्हणायचा, "जरा उजेडाकडे फिरवा त्याला," आणि मी घराघरांत चमकायचो. मैदानाच्या कडेला नारिंगी बाह्यांचा एक माणूस उभा राहू लागला. त्याने हात आडवे धरले की जाहिराती संपेपर्यंत खेळ बंद. बावीस दांडगी पोरे थंडीत तोंडातून वाफा सोडत उभी. लोक हसायचे. मीही हसलो.

आमच्या भागातली दहा कॉलेजे एका गटात खेळत. आता गटाचे सगळे सामने दाखवण्याचे हक्क एकगठ्ठा विकले जाऊ लागले, जशी सफरचंदाची बाग मोहोरावरच द्यावी. मग ज्या झाडाला फळे जास्त, त्याला वाटू लागले की या रोगट झाडांच्या रांगेत आपण का म्हणून उभे राहायचे? आणि झाडे चालू लागली.

कार्व्हरही निघाले. त्यांच्या नव्या गटाचे नाव किनारा गट; त्यातल्या निम्म्या कॉलेजांना समुद्र फक्त चित्रात दिसतो. कुलगुरूंनी पत्रकारांना सांगितले, "हॅडलीशी आमचं नातं अतूट आहे."

कार्व्हरच्या कोठीची राखणदार लोरेटा पाइक टॉवेलांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "अतूट म्हणाला? मग तुटलंच म्हणायचं."

जुन्या गटातला शेवटचा सामना आला तेव्हा मी सलग सहा वर्षे कार्व्हरमध्ये होतो. आर्नी मे महिन्यात निवृत्त होणार होता. त्याआधी मला एकदा घरी न्यावे, एवढीच त्याची इच्छा होती, आणि खरे सांगतो, माझीही. चार मिनिटे उरली तेव्हा हॅडली सतरा, कार्व्हर तेरा. कार्व्हरची पोरे दमून गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. इतक्यात नारिंगी बाह्या आडव्या झाल्या. एक मोटार विकली गेली, एक गुडघेदुखीचे औषध विकले गेले. तेवढ्यात कार्व्हरच्या पोरांनी दम खाल्ला. वीस-सतरा. जाहिरातीनेच हरवले असे मी म्हणणार नाही. पोरे धावलीही जीव तोडून. पण मी कडेच्या टेबलावर होतो. तोंड एवढे मोठे, आणि ओरडता येईना.

रीतीप्रमाणे आर्नीने मला घासले. हॅडलीच्या कॅप्टनचा खिळा दोनदा घसरला.

पुढच्या मोसमासाठी कार्व्हरकडे तारीखच नव्हती. नऊ सामने गटाचे, उरलेले तीन आधीच दुसऱ्या कॉलेजांना देऊन टाकलेले. हॅडलीने लिहिले, कधीही चालेल, बुधवारी सकाळीसुद्धा. उत्तर अगदी नम्र होते. पहिली रिकामी तारीख सतरा वर्षांनी मिळेल. कार्व्हर कॉलेजच्या दर्शनी भागातली माझी काचेची पेटीही गेली. तिथे मोठा पडदा बसवायचा होता. लोरेटाने मला कोठीत आणले.

मे महिन्यात आर्नी पूल चालून आला. कामाचा शेवटचा दिवस होता.

"ये, म्हाताऱ्या," लोरेटा म्हणाली. "सतरा वर्षं थांबायला आलास की काय?"

"एक्क्याऐंशीचा होईन तेव्हा. खुर्ची आतापासूनच धरून ठेव."

तिने मला खाली काढले आणि त्याच्या हातात दिले. "घेऊन जा. इथे कुणी विचारत नाही याला. नवीन पोरांना वाटतं, नळाचा तुकडा आहे."

मित्रांनो, त्याच्या हाताची ऊब मला लागली. चार पावले, मग दार, मग पूल. मी श्वास धरला होता, भोंगा धरू शकतो तेवढा.

"सामना कुठे झालाय?" आर्नी म्हणाला.

"अरे, नियम तूच लिहिलास ना? मग तूच खोड."

"मी लिहिला म्हणूनच खोडता येत नाही, लोरेटा. दुसऱ्या कुणाचा असता तर कधीच मोडला असता."

"कर्म माझं! बरं, फुंक तरी एकदा. दार लावते. माझ्याशिवाय कोण ऐकणार आहे?"

त्याने मला ओठांपाशी नेले. गाल फुगले. मी वाट पाहिली. मग त्याने हळूच हवा नाकाने सोडून दिली, बाहीने माझे तोंड पुसले आणि मला स्वतःच्या हाताने फळीवर ठेवले. लोरेटा त्याला म्हणाली, "गाढव आहेस." तो म्हणाला, "ते हॅडलीत सगळ्यांना माहीत आहे." तो गेला तेव्हा खिडकीतून मला पुलाचा अर्धाच भाग दिसत होता. उरलेला अर्धा तो कसा चालला, ते मला कळले नाही.

लोरेटा मला अधूनमधून पुसते. तिचे उपकार आहेत. पण मित्रांनो, तुमच्याही गावाशेजारी एखादे गाव असेल, तुमच्या शाळेला हरवून वर्षभर चिडवणारी एखादी शाळा असेल. तिला जपा. ढालीला पॉलिश नंतर करा. मला फुंकायला कोणीही चालेल, एका माणसाच्या छातीत तेवढी हवा असतेच; पण टोपी काढून, दात-ओठ खात ऐकणारा पलीकडचा माणूस एकदा गेला, की तो कुठल्या फळीवर सापडत नाही.